वीस वर्षांच्या वाहतूक आराखड्यासाठी नाशिक महापालिकेला रहिवाशांनी काय द्यावं?

पाथर्डीफाटावाली: आमच्या कॉलनीच्या मंडळाला शहराच्या वाहतूक आराखड्यासाठी सूचना द्यायच्या आहेत. बैठकीत जो तो द्वारका चौकात आणखी एक उड्डाणपूल मागतो. असली यादी फाइलला लागून पडून राहणार. उपयोगी पडेल असं काय देता येईल?

आण्णा पंचवटी: ताई, पूल मागू नका, माणसं मोजून द्या. नगररचनेत नोकरी झाली माझी, सल्लागारांचे सर्व्हे जवळून पाहिलेत. घरोघर विचारून कोण कुठून कुठे जातं याचा हिशेब मांडतात आणि तो गोदावरीच्या पुलांवरच्या मोजणीशी ताडून बघतात. पंचवटीतून गावात यायचं तर पूल ओलांडावाच लागतो, म्हणून होळकर पूल, कन्नमवार पूल अशा ठिकाणी मोजणारी पोरं बसवतात. पण ती गाड्या मोजतात! बस साधारण तीन कारएवढी धरतात, कारण रस्ता तेवढा अडवते. आत साठ जण कोंबलेले का असेनात, हिशेब तोच. पायी चालणारा तर बहुतेक वेळा वहीत येतच नाही.

तुम्ही अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाची पाळी सुटताना कारखान्याच्या गेटवर उभ्या राहा. कंपनीच्या बसमध्ये किती, शेअर रिक्षात किती, पायी किती, बायका किती, आणि कुठल्या बाजूला वळतात. हे कागदावर द्या.

सातपूरकर: आराखडे काय कमी झाले? २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओला, म्हणजे रबरी टायरवरच्या मेट्रोला, २,०९२ कोटी जाहीर झाले. आम्ही अजून सिटीलिंकच्या बसथांब्यावरच उभे.

आण्णा पंचवटी: राग बरोबर आहे. पण निओ हा फक्त एक प्रकल्प. लांबचा आराखडा मुख्यतः जागा राखण्यासाठी. मखमलाबाद, आडगावकडे मळे आहेत तोवर विकास आराखड्यात रस्त्याची रेषा पडली, तर तिच्यावर बांधकामाला परवानगी मिळत नाही. उद्या तिथे बंगले उठले की तीच जागा घ्यायला पालिकेकडे पैसा कुठला? १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली विकास आराखड्याच्या प्रारूपावर (कच्च्या मसुद्यावर) हरकती-सूचना मागवतात. मुदत थोडी असते, तेव्हा कागद आधीच तयार ठेवा.

पाथर्डीफाटावाली: मोजायचं कधी? रविवारी सगळे मोकळे असतात.

आण्णा पंचवटी: रविवार नको. शाळा सुरू असताना मंगळवार-बुधवार धरा. आणि २०२७च्या कुंभातल्या पर्वणीच्या दिवसांचे आकडे यात मिसळू नका, त्यांची वही वेगळी.