श्रीमंताघरची कमी चाललेली गाडी: घ्यावी का, आणि काय तपासावं?

निळी_पेटी

सात वर्षं जुनी मोठी पेट्रोल सेडान बघितली आहे. एकच मालक, रनिंग फक्त १८,००० किमी. गाडी कायम ड्रायव्हरच्या हातात, मालक मागच्या सीटवर. एअर सस्पेन्शन आहे (स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे). विकणाऱ्याचं म्हणणं असं की मोठ्या माणसाची गाडी आहे, पैशाकडे न बघता सांभाळली आहे. दोन प्रश्न आहेत. श्रीमंत माणसं गाडी खरंच जास्त जपतात का? आणि इतक्या कमी चाललेल्या गाडीत नेमकं काय बघायचं?

पाना_दहा_अकरा

मालक किती श्रीमंत होता याला महत्त्व नाही. गाडी कोण चालवायचं, त्रास कोणाला जाणवायचा आणि बिल कोण मंजूर करायचं, हे विचारा. तिन्ही उत्तरं एकाच माणसाकडे जात असतील तर गाडी सहसा चांगली निघते. ड्रायव्हरच्या गाडीत ती तीन माणसांत वाटलेली असतात. पुढच्या चाकाचा बारीक खडखडाट ड्रायव्हरला ऐकू येतो, पण खर्चाची परवानगी त्याच्या हातात नसते. बिल ऑफिसात कोणीतरी बघतं, त्याने गाडी कधी चालवलेली नसते. मालकाला मागे फक्त एसी, सीट आणि शांतता कळते. त्यामुळे जे मालकाला दिसतं ते लगेच दुरुस्त होतं आणि जे गाडीच्या पोटाखाली आहे ते राहून जातं. अशी गाडी चकचकीत असते, आणि नेमकं म्हणूनच ती लिफ्टवर चढवल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

दुसरी गोष्ट, १८,००० हा आकडा अर्धीच माहिती देतो. मालक मीटिंगमध्ये असताना ड्रायव्हर एसी लावून इंजिन चालू ठेवतो. किलोमीटर वाढत नाहीत, इंजिनचे तास वाढतात. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र) लावला की इंजिनचे एकूण तास वाचता येतात (सगळ्यांत नाही). किलोमीटरला तासांनी भागा. शहरातल्या साध्या वापरात ताशी २५ ते ३० किमी येतात. १५ च्या खाली आलं तर गाडी चाललेली कमी आणि उभ्या उभ्या घुरघुरलेली जास्त. तास वाचता आले नाहीत तर ड्रायव्हरची सीट बघा. १८,००० किमीला बाहेरच्या बाजूची उशी दबलेली नसते, ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेघा शाबूत असतात.

आयडलिंगने, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवल्याने, ऑइलचं काय होतं ते समजून घ्या. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी ऑइलमध्ये उतरते. ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापून काही वेळ तसंच राहिलं की ती उडून जाते. काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नव्हे, काटा कूलंटचं तापमान दाखवतो. छोट्या फेऱ्यांत पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतल्या बाजूने बोट फिरवा. पिवळट, लोण्यासारखा थर आला तर फेऱ्या छोट्या होत्या. फक्त झाकणाला असेल तर घाबरू नका. ऑइलची पातळी मोजायच्या दांडीलाही तोच थर दिसला तर कूलंट ऑइलमध्ये येतंय का याची आधी तपासणी. दांडीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालंय.

सर्व्हिसच्या नोंदीत किलोमीटर वाचू नका, तारखा वाचा. कंपनीच्या पुस्तकात "इतके किमी किंवा इतके महिने, जे आधी" असं असतं, आणि कमी चालणाऱ्या गाडीत महिनेच आधी भरतात. सात वर्षांत दोनदाच ऑइल बदललेलं दिसलं तर "पैशाकडे न बघता" या वाक्याला अर्थ उरत नाही.

रबरी_बुश

वरचं सगळं मान्य. मी उभ्या गाडीच्या बाजूने लिहितो.

टायरच्या बाजूला DOT या अक्षरांशेजारी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी नवीन दिसली तरी सहा वर्षांनंतर रबराचा भरवसा धरू नका. नक्षीच्या खोबणीत आणि रिमच्या कडेला बारीक भेगा शोधा. स्टेपनी विसरू नका. एकाच जागी महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी सुरुवातीचे काही किलोमीटर धडधडते. टायर गरम झाल्यावर ती धडधड गेली तर ठीक, राहिली तर टायर कायमचा चपटा झालाय.

बॅटरी: गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, काहीही चालू न करता मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. बंद गाडीही ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट खात असते, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ७० अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात निम्म्यावर येते. असं वारंवार झालं की प्लेटांवर सल्फेट बसतं, मग चार्जर लावून ती पूर्ववत होत नाही. नवीन बॅटरी टाकलेली असेल तर विचारा की ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवली का. बऱ्याच जर्मन गाड्यांत नोंद केली नाही तर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चालू राहतं.

एअर सस्पेन्शन हा तुमच्या व्यवहारातला सगळ्यात महाग भाग आहे. सपाट फरशीवर गाडी उभी करा, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजा, आकडे लिहून ठेवा. सकाळी गाडी अनलॉक करायच्या आधी परत मोजा. काही मॉडेलांत दार उघडताच कॉम्प्रेसर सुरू होतो आणि पुरावा नाहीसा होतो. एकच कोपरा सेंटिमीटरभर किंवा जास्त बसला असेल तर त्या फुग्याच्या घडीत भेग असण्याची शक्यता मोठी. सगळी गाडी सारखी बसली तर व्हॉल्व्ह ब्लॉककडे (चारही फुग्यांना हवा वाटणारा भाग) बघा. गळती बारीक असतानाच काढावी लागते, नाहीतर हवा भरून भरून कॉम्प्रेसर जळतो आणि खर्च दुप्पट होतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. डॉट ४ या प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उतारावर ब्रेक तापून ऑइल उकळतं आणि पेडल खाली जातं ते यामुळे.

मागची_सीट

पहिल्या प्रश्नावर थोडं. श्रीमंतांचा गाडीकडे बघण्याचा एकच दृष्टिकोन नाही. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन १९७९ ची फोर्ड एफ-१५० पिकअप वापरत, शिकारी कुत्री मागे घालून नेत. आयकियाचे संस्थापक इंग्वार काम्प्राड यांच्याकडे १९९३ ची व्होल्वो २४० होती. ते मॉडेल १९७४ पासून बनत होतं, त्या २०० मालिकेच्या २८ लाखांवर गाड्या निघाल्या. जिचे सगळे दोष माहीत आहेत आणि सुटे भाग कुठेही मिळतात अशी गाडी ठेवण्यात कंजूषपणापेक्षा शहाणपण जास्त आहे. गाडीने त्यांचा वेळ खायचा नाही, एवढीच त्यांची अपेक्षा.

मागे बसणाऱ्यांचं जग वेगळं. टोयोटा सेंच्युरी ही जपानी आलिशान गाडी त्यांच्यासाठीच बनते. तिच्यात लोकरी कापडाच्या सीट जास्त पसंत केल्या जातात, कारण चामडं हलताना कुरकुरतं आणि लोकर आवाज करत नाही. ज्याने गाडी चालवायचीच नाही त्याला शांतता हवी असते. म्हणून पाना यांचा मुद्दा पटतो: तुमच्या गाडीतही मागच्या सीटची बटणं, पडदे, मागचा एसी एकदम नीट असतील, पुढच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) नसतील.

निळी_पेटी

सगळ्यांचे आभार. स्कॅनर लावून आलो. इंजिन १,५०० तास. झाकणाला पिवळट थर आहे, दांडी स्वच्छ. टायर चारही मूळचेच. पुढचा उजवा कोपरा रात्रीत १८ मिमी बसला. ऑइल तीनदा बदललंय, ब्रेक ऑइलची नोंद एकही नाही. सोडून देऊ?

पाना_दहा_अकरा

ताशी १२ किमी. ३० च्या हिशेबाने हे इंजिन ४५,००० किमी चाललेलं आहे, तसंच धरून भाव करा. सोडायची गरज नाही, पण मालकाच्या नावासाठी जास्तीचा एक पैसाही देऊ नका. किमतीतून हे वजा करा: पाच टायर, पुढचे दोन्ही एअर स्ट्रट, म्हणजे फुग्यासकट शॉक अ‍ॅब्सॉर्बर (एक गेला की दुसरा फार मागे नसतो), बॅटरी, ब्रेक ऑइल, कूलंट. गिअर ऑइल "आयुष्यभराचं" असं सांगतील. झेडएफ या जर्मन कंपनीचा गिअरबॉक्स असेल तर ती कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षं सांगते, म्हणजे पुढच्या वर्षी तेही आलं.

इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं) असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांवर, काजळी असणार. त्यात पेट्रोल व्हॉल्व्हवर पडत नाही, म्हणून ती धुतली जात नाही. बारीक कॅमेरा घालून बघा. थर जाड असेल तर अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून साफ करतात, इंजिन खोलावं लागत नाही.

गाडी घेतल्यावर लगेच ऑइल बदला, पुढचं दोन हजार किमीवर. मधल्या काळात आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा-पाऊण तास चालवा.

रबरी_बुश

एक राहिलं. १८ मिमी एका रात्रीत, म्हणजे कॉम्प्रेसर बराच काळ जास्तीचं काम करतोय. गाडी सर्वात खालच्या उंचीवर घ्या, मग सर्वात वर न्या आणि घड्याळ लावा. त्या मॉडेलच्या वर्कशॉप पुस्तकातल्या वेळेपेक्षा जास्त लागला तर कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले (चालू-बंद करणारा विजेचा स्विच) हेही यादीत घाला. रिले स्वस्त असतो, पण त्याचे पॉइंट चिकटले की कॉम्प्रेसर बंदच होत नाही, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचे.