मदत हवी आहे: फिल्मवरचे पावसाळी फोटो स्कॅनमध्ये मातकट-हिरवे दिसतात, नेटवर टाकले की आणखी बिघडतात

घाटवाट_पुणे

नमस्कार मंडळी. फिल्मवर काढलेले सह्याद्रीचे फोटो नेटवर टाकायचे आहेत, पण मध्येच कुठेतरी सगळं बिघडतंय आणि नेमकं कुठे ते कळत नाही.

कॅमेरा पेन्टॅक्स के-१०००, लेन्स ५० मिमी एफ/२. कोडॅक गोल्ड २०० चे दोन रोल आणि कृष्णधवल इल्फर्ड एचपी-५ चा एक. ताम्हिणी, तोरणा आणि राजगडाची संजीवनी माची, सगळं जुलै-ऑगस्टमधलं. लॅबने डेव्हलप करून १८०० बाय १२०० पिक्सेलच्या जेपेग फाइल दिल्या. रंगीत फोटोंत डोंगराचा सावलीतला भाग मातकट हिरवा आहे आणि त्यात दाणे उसळलेत. आकाश नुसतं राखाडी.

म्हणून घरी स्कॅन करायला घेतलं. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (३५ मिमी फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस, त्याचा १८-५५ किट झूम, ७, १४ आणि २८ मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून फोकस होण्यासाठी लेन्समागे लावायच्या पोकळ नळ्या), आणि खाली प्रकाशासाठी टॅबलेट. फोटोत बारीक जाळी दिसते, कोपरे मऊ येतात. एचपी-५ काचेखाली दाबली तर पाण्यावर तेल सांडल्यासारखी वलयं. आणि यातून जे बरं निघतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की लापशी होते.

नवा स्कॅनर घेणं सध्या शक्य नाही. सुरुवात कुठून करू?

रोलनंबर३६

स्कॅन बाजूला ठेवा, आधी निगेटिव्ह, म्हणजे उजेड-काळोख उलटा दाखवणारी फिल्म, वाचा. पट्टी खिडकीसमोर धरा आणि चित्राआधी कडा बघा. कडेला फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव असतं. ते कारखान्यातच उमटवलेलं असतं आणि तुमच्या चित्राबरोबरच डेव्हलप होतं, त्यामुळे ती डेव्हलपिंगची आयती चाचणी आहे.

आकडे गडद आणि धारदार, पण चित्र फिकं असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडलेला प्रकाश, कमी पडलंय. आकडेही पुसट असतील तर डेव्हलपर दमलेला, थंड किंवा वेळ कमी. सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेत, डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला ३ मिनिटं १५ सेकंद असतो आणि तिथे अर्धा अंशही चालत नाही. दोन फ्रेममधली कोरी पट्टीच काळपट असेल तर फिल्म जुनी आहे किंवा कुठून तरी प्रकाश शिरलाय.

टॅबलेटवर पांढरी स्क्रीन लावून एका पट्टीचा फोटो टाका. कडा दिसल्या पाहिजेत.

घाटवाट_पुणे

टाकला आहे. आकडे व्यवस्थित गडद आहेत. संजीवनी माचीच्या फ्रेममध्ये आकाश आणि ढग दाट, पण माचीची तटबंदी आणि खालचा उतार जवळपास कोरा नारिंगी. बुरुजाची कड तेवढी अंधुक दिसते.

रोलनंबर३६

मग लॅब निर्दोष आहे. साधारण दीड ते दोन स्टॉप कमी पडलेत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). रंगीत निगेटिव्हमध्ये रंगांचे तीन थर असतात. प्रकाश कमी पडला की सावलीचा भाग तिन्ही थरांच्या अगदी तळाला जाऊन बसतो, आणि तळाशी हे थर एकमेकांशी जुळत नाहीत. स्कॅनर तो काळोख ओढून वर आणतो, तेव्हा वर येते ती फिल्मची मूळ झाक आणि दाणे. मातकट हिरवा तिथून येतो.

कारण धुकं. के-१००० चा मीटर सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो, मध्याला थोडं जास्त वजन देऊन. पांढरं आकाश आणि ढग अर्ध्या फ्रेममध्ये आले की तो त्यांनाच मधला राखाडी, म्हणजे ना उजळ ना गडद, धरतो आणि डोंगर बुडतो. उपाय सोपा आहे: कॅमेरा खाली झुकवा, आकाश पूर्ण बाहेर काढा, समोरच्या गवताच्या उतारावर सुई मध्यावर आणा, आणि तेच एक्स्पोजर ठेवून फ्रेम परत लावा. गवत मधल्या राखाडीच्या बरंच जवळ असतं. ओला काळा कातळ त्याहून गडद असतो, त्यावर मोजलं तर साधारण स्टॉपभर जास्त जाईल, पण निगेटिव्हला ते सोसतं. सगळीकडे नुसतं धुकंच असेल तर धुक्यावर मोजून दीड स्टॉप वाढवा.

गोल्ड २०० साठी कॅमेऱ्याची आयएसओ डायल १०० वर ठेवा, म्हणजे स्टॉपभर जास्त प्रकाश मिळतो. मात्र १०० वर ठेवून, शिवाय कातळावर मोजून, शिवाय धुक्याचे दीड स्टॉप असं तिन्ही एकदम करू नका. तीन-चार स्टॉप चढले की ढगांतला तपशील स्कॅनमध्ये काढणं अवघड जातं. आणि हा नियम निगेटिव्हपुरताच. स्लाइड फिल्मवर (जिच्यावर थेट सुलटं चित्र येतं) उलटं आहे, तिथे अर्धा स्टॉपही जास्त झाला तर ढग जातात ते कायमचे.

मावळती

मीटरचा सेलही बघा. के-१००० ला एलआर४४ लागतो. तोच सेल सिल्व्हर ऑक्साइडचा, म्हणजे एसआर४४, घेतला तर शेवटपर्यंत व्होल्टेज टिकतं. या कॅमेऱ्याला मीटरचं बटण नाही, लेन्सवर उजेड पडतोय तोवर तो चालूच असतो, त्यामुळे टोपण न लावता कपाटात ठेवला की सेल उतरतो.

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: मिनोल्टा एसआरटी-१०१, कॅनोनेट क्यूएल१७ वगैरे जुन्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला तर मीटर उजेड जास्त दाखवतो आणि अख्खा रोल फिका येतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो. त्याला रबरी रिंग घालून बसवला की काम होतं. औषधाच्या दुकानात मिळतो. स्टिकर काढला की काही आठवड्यांत संपतो, म्हणून ट्रेकच्या आदल्या दिवशीच काढा.

घाटवाट_पुणे

सेल नवीनच आहे, म्हणजे चूक मोजण्यातच झाली. एचपी-५ वर नारिंगी फिल्टर लावला होता, तरी धुकं तसंच आलं. फिल्टर खराब आहे का?

मावळती

फिल्टर ठीक आहे. धुरकटपणा आणि धुकं या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टोबरनंतर लांबचे डोंगर निळसर पुसट दिसतात, ते हवेच्या अतिबारीक कणांमुळे. ते कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून निळा अडवणारा पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर तिथे कामाचा. पावसाळी धुकं म्हणजे पाण्याचे थेंब. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून ते पांढरं दिसतं आणि कोणताच रंगीत फिल्टर ते कापत नाही. जुलैत नारिंगी फिल्टर फक्त तुमचे दोन स्टॉप खातो. काढून ठेवा आणि पाऊस थांबून हवा धुतली जाते त्या तासाची वाट बघा.

लाल २५ नंबर वापरलात तर फिल्टरशिवाय मोजा आणि तीन स्टॉप उघडा. त्यातून मोजलं तर जुना मीटर फसतो.

दुधी_काच

आता स्कॅनिंगकडे. तुमच्याकडे जवळपास सगळं आहे, फक्त मांडणी चुकली आहे.

जाळी म्हणजे टॅबलेटचे पिक्सेल. फिल्म थेट स्क्रीनवर ठेवली की लेन्स दोन्हींवर एकदम फोकस करते. मध्ये ३ मिमी जाडीचं दुधी अ‍ॅक्रिलिक घाला आणि फिल्म त्याच्या ३-४ सेंमी वर उचला. बोर्ड आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडे याचे तुकडे उरलेले असतात. स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवा, मंद केली की ती लुकलुकते आणि पट्टे येतात. याच कारणासाठी शटर १/१५ किंवा त्याहून सावकाश. एचपी-५ ला टॅबलेट चालेल. रंगीतसाठी मात्र सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वरचा एलईडी पॅनेल घ्या, कारण स्क्रीनचा पांढरा हा तीन अरुंद रंगांची बेरीज असतो आणि त्यात पावसाळी हिरवे एकमेकांत मिसळतात. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रिकच्या बाजारात, चौकशी करताना वॅट नका विचारू, सीआरआय विचारा. खोक्यावर छापलेला नसेल तर तो पॅनेल सोडा.

कोपरे मऊ येतात ते किट झूममुळे. जवळून त्याचं फोकसचं पटल सपाट राहत नाही. के-१००० ची ५० मिमी लेन्सच अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेसवर चढवा. हिशेब असा: ३६ मिमीची फ्रेम २३.५ मिमीच्या सेन्सरवर बसवायची तर ०.६५ पट हवं. लागणारी ट्यूब म्हणजे फोकल लेंग्थ गुणिले पट, ५० गुणिले ०.६५, म्हणजे साडेबत्तीस मिमी. २८ ची ट्यूब लावा, उरलेले ४-५ मिमी लेन्सच्या स्वतःच्या फोकस रिंगमधून मिळतील. २८ आणि ७ एकत्र लावल्या तर ०.७ पट होऊन फ्रेमच्या बाजू कापल्या जातील.

लेन्सचं छिद्र एफ/५.६ ते एफ/८. इतक्या जवळून एफ/८ चं प्रत्यक्षात एफ/१३ होतं, आणि एफ/११ केलंत तर एफ/१८, म्हणजे अख्खं चित्रच मऊ. फिल्म सपाट असेल तर फोकसची एवढी खोली पुरते.

कॅमेरा फिल्मला समांतर आहे का हे लेव्हलने बघू नका. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि स्क्रीनमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर येईपर्यंत स्टँड हलवा. एका मिनिटाचं काम, आणि याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या लेन्सने पडत नाही.

फ्रेमबाहेरचा सगळा उजेड काळ्या कार्डने झाका, खोलीतला दिवा बंद करा. बाजूने शिरलेला प्रकाश निगेटिव्हमधला काळा भाग धुऊन टाकतो. वलयं येतात कारण फिल्मची चकचकीत बाजू गुळगुळीत काचेला टेकते आणि मध्ये हवेचा अतिपातळ थर अडकतो. काच काढून टाका. दोन काळ्या पुठ्ठ्यांत २४ बाय ३६ मिमीहून जराशी मोठी खिडकी कापून पट्टी मध्ये सरकवा, किंवा तयार होल्डर घ्या. पट्टी फार वळलेली असेल तर स्वच्छ कागदात घालून जाड पुस्तकांखाली दोन दिवस ठेवा. मॅट बाजू लेन्सकडे ठेवा आणि नंतर चित्र आडवं पलटा. पलटायला विसरलात तर राजगड आरशातला दिसेल.

२४ मेगापिक्सेलमध्ये लांब बाजूला ६००० पिक्सेल मिळतात. ए३ प्रिंटला ३०० डीपीआयने ४९६० लागतात. म्हणजे स्कॅनर नाही याचं वाईट वाटायचं कारण नाही.

घाटवाट_पुणे

हे सगळं कुठे एकत्र वाचायला मिळालं नव्हतं, मनापासून आभार. धूळ आणि रंग उलटवणं राहिलं. डार्कटेबल (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) आहे, पण नारिंगी झाक नीट जात नाही.

दुधी_काच

धूळ आधी ब्लोअरने, मग अँटिस्टॅटिक ब्रशने. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे ठिपके इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या चित्राच्या थरावर, बसतात. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई एचपी-५ वर चालत नाही, कारण चित्रातली चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि यंत्राला चित्र आणि कचरा सारखेच दिसतात. कृष्णधवलला हातानेच टिपावं लागतं.

डार्कटेबलमध्ये फिल्मिक किंवा सिग्मॉइड (उजेड-काळोख बसवणारी मॉड्यूल) बंद करा आणि नेगाडॉक्टर हे निगेटिव्ह उलटवणारं मॉड्यूल उघडा. नारिंगी झाक व्हाइट बॅलन्सने काढू नका. व्हाइट बॅलन्स फिल्म न ठेवता घेतलेल्या नुसत्या लाइटच्या फोटोवरून घ्या आणि पूर्ण रोलला तोच लावा. मग नेगाडॉक्टरच्या पहिल्या टॅबमध्ये डी मिनचा (फिल्मच्या सगळ्यात कोऱ्या भागाचा) पिकर दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवर फिरवा. झाक इथे जाते, म्हणून स्कॅन करताना ती पट्टी थोडी तरी फ्रेममध्ये घ्याच. मग डी मॅक्स (सगळ्यात दाट भाग). दुसऱ्या टॅबमध्ये सावल्यांची झाक वेगळी सुधारता येते, तुमचा हिरवा तिथे उतरेल. कागदाचा काळा आणि प्रिंटचं एक्स्पोजर सगळ्यात शेवटी.

धुकं पूर्ण पांढरं करायच्या मागे लागू नका. सकाळचं धुकं खरंच निळसर असतं, ते काढलं की ताम्हिणी दुपारची दिसते.

आणि स्कॅनचं एक्स्पोजर मॅन्युअल, पूर्ण रोलला एकच. कोरी पट्टी हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) उजव्या कडेच्या जरा अलीकडे.

पाऊलखुणा_४११०३८

शेअर करण्याबद्दल. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबतं. फिल्मचा दाणा म्हणजे चौकोनाचौकोनात वेगळा गोंधळ, त्यामुळे डिजिटल फोटोपेक्षा फिल्मचा फोटो लवकर फाटतो. आधी तुम्हीच लहान करा, साइटवर सोपवू नका. लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंग एसआरजीबी (नेटवरची नेहमीची रंगपद्धत), जेपेगचा दर्जा ८५. धार लहान केल्यानंतरच लावा, तीही हलकी. मोठ्या फाइलवर धार लावून मग लहान केलं तर दाणे वाळूसारखे टोचतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फाइलमध्ये तारीख स्कॅनची येते, आणि अल्बममध्ये जुलैचा तोरणा डिसेंबरात जाऊन बसतो. एक्झिफटूल फुकट आहे, मूळ तारीख त्याने घाला. फोटोखालच्या ओळीत कॅमेरा, लेन्स, फिल्म, डायलवर ठेवलेला आयएसओ आणि महिना लिहा. नुसतं ‘फिल्मवर काढलंय’ एवढं लिहिलं तर बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

घाटवाट_पुणे

अपडेट. पुठ्ठ्याची खिडकी, दुधी तुकडा, ५० मिमी आणि २८ ची ट्यूब, आरशाने समांतर. जाळी गेली, चारही कोपऱ्यांत दाणे धारदार दिसतात. एचपी-५ सुंदर आली. संजीवनी माचीच्या फ्रेममध्ये हिरवी झाक उतरली, पण तटबंदीत तपशील नाही तो नाहीच.

रोलनंबर३६

तो फिल्मवर पोचलाच नाही, त्यामुळे कुठल्याच स्कॅनमध्ये येणार नाही. तिथे काळा काळाच राहू द्या, वर ओढू नका. माचीची कड ढगावर छान उभी राहते.

पुढचा रोल लॅबला देताना सांगा: नॉर्मल प्रोसेस, पुश (जास्त वेळ डेव्हलप करणं) नको, आणि कापायचाच तर सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या. डायल १०० वर ठेवली होती हे सांगू नका, नाहीतर कुणीतरी वेळ कमी करेल.