आप्त समालोचना कोठडी

खानापूरकरीण :
'कौन्सेलिंग'च्या मराठी शब्दासाठी मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे.

मी बेळगावात एम. एस. डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असतं, त्यासाठी मला एक महिला मदत केंद्र मिळालंय. तिथल्या आतल्या खोलीवर कन्नड पाटी आहे. मराठी बायका पुष्कळ येतात म्हणून तिथल्या शिपायानं चांगल्या मनानं पाटीखाली देवनागरीत कागद चिकटवला. अक्षराला अक्षर : 'आप्त समालोचना कोठडी'.

कन्नडात यात काही चुकीचं नाही. आप्त म्हणजे जवळचा, विश्वासातला. समालोचने म्हणजे विचारविनिमय. कोठडी म्हणजे साधी खोली, शाळेच्या खोल्यांनाही कन्नडात कोठडीच म्हणतात. पण मराठी डोळ्यांनी वाचा : नातेवाईक, क्रिकेटची कॉमेंट्री आणि पोलीस कोठडी. गेल्या मंगळवारी एक बाई दारापर्यंत आली, कागद वाचला आणि वळली. मी मागे धावले. म्हणाली, "कोठडीत कशाला घालूलाय मला? मी काय केलो?"

मॅडम म्हणाल्या, मराठी पाटी तूच करून आण. वहीत 'समुपदेशन कक्ष' लिहिलं आणि तिथंच अडले. दीड वर्ष वर्गात एकच गोष्ट घोटून घेतलीय, उपदेश करायचा नाही. आणि शब्दाच्या पोटातच उपदेश! दुसरा शब्द आहे का?

शहापूरचे मास्तर :
पोरी, त्या शिपायाला हसू नकोस. त्यानं लिहिलेले तिन्ही शब्द जुने आणि खानदानी आहेत, फक्त दोन घरांत वेगवेगळे वाढले.

'लोच्' म्हणजे पाहणे. लोचन त्यातलंच. सम् आणि आ लागले की नीट, सगळीकडून पाहणे. मराठीनं ते मैदानावर नेलं, 'धावते समालोचन' रेडिओवर ऐकत आमची पिढी वाढली. कन्नडानं ते दोन माणसांच्या मध्ये ठेवलं. 'आप्त'चंही तसंच. मुळात ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा तो आप्त. न्यायसूत्रांत 'आप्तोपदेशः शब्दः' असं सूत्रच आहे, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं हे ज्ञानाचं एक प्रमाण. मराठीत आप्त उरले ते लग्नपत्रिकेतल्या 'आप्तेष्टां'पुरते.

गंमत बघ, त्या एका सूत्रात कन्नडाचा आप्त आणि मराठीचा उपदेश शेजारी बसलेत. दोन्ही भाषांनी एकेक उचलला.

राहिला उपदेश. 'दिश्' दाखवणे, 'उप' जवळ. जवळ बसवून दाखवणे, इतकाच मूळ अर्थ. त्याला कडू चव आली ती आपल्या तोंडाची. 'उपदेशाचे डोस' म्हणणारे आपणच. तेव्हा व्युत्पत्ती म्हणशील तर समुपदेशनात दोष नाही.

निपाणीची समुपदेशक :
मास्तर, व्युत्पत्ती मान्य. खरं आमच्याकडे येणारी बाई धातू बघून आत येत नाही.

खानापूरकरीण ताई, मी हे काम बरीच वर्षं करतेय आणि तुमच्यासारख्या विद्यार्थिनी क्षेत्रकार्याला घेते. पहिल्या सत्रातल्या मुलींच्या प्रोसेस रेकॉर्डिंगच्या वह्या तपासताना हा शब्द काय करतो ते दिसतं. पानाच्या एका बाजूला बाई काय बोलली, मी काय बोलले. दुसऱ्या बाजूला मला त्या वेळी काय वाटलं. परवाच्या एका वहीत बाईचं पहिलं वाक्य : "त्यो रात्री लई उशिरा येतो." मुलीचं उत्तर : "तुम्ही त्यांच्याशी शांतपणे बोलून बघा." तिसरी ओळ नाहीच, बाई गप्प झालेली. मी लाल पेनानं विचारलं, तो उशिरा येतो तेव्हा ही काय करत असते, हे तुला कळलं का? पुढच्या आठवड्यात मुलगी नुसतं म्हणाली, "उशिरा येतो... आणि तोवर तुम्ही?" दीड पान भरलं. म्हातारी सासू, मुलाची ताप आलेली रात्र, दाराला आतून लावलेलं टेबल.

या मुलींना आपण उपदेशक नाही हे कळायला दोन सत्रं जातात. कारण लहानपणापासून त्यांनी पाहिलेलं 'मिटवणं' म्हणजे पंच बसणार, वडीलधारे बोलणार, सून मान खाली घालणार. त्यात नावातच उपदेश असला की हात आपोआप तिकडे वळतो. म्हणून माझं मत समुपदेशनाच्या विरुद्ध. पर्याय मात्र माझ्याकडेही नाही. 'सल्ला' घेतला तर तीच अडचण, शिवाय सल्लागार म्हटलं की आयकर आठवतो.

वडगावचा पोरगा :
आमच्या घरी कौन्सेलिंग म्हणजे सी.ई.टी. नंतर सीट घेणं. अक्का एम. एस. डब्ल्यू. करून कौन्सेलर होणार म्हटल्यावर आजीनं विचारलं, "मग आता इंजिनिअरिंगची सीट तूच देणार काय?"

कॅम्पातली वकील :
😀 वर एक गंभीर भर.

कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ च्या कलम ६ मध्ये समुपदेशक हे पदच सांगितलंय आणि कलम ९ न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करायला लावतं. म्हणजे शब्दांची ही गल्लत नुसत्या पाटीवर थांबत नाही, कागदावर चढते. आमच्याकडचा सगळ्यात धोकादायक शब्द 'राजी'. कन्नडात राजी म्हणजे तडजोड, मराठीत राजी म्हणजे तयार. घटस्फोटाच्या एका प्रकरणात कुणीतरी कन्नड-मराठी मिसळून माझ्या अशिलाला विचारलं, "राजी आहे काय?" तिला वाटलं, घटस्फोटाला राजी आहेस का. ती ठामपणे "नाही" म्हणाली. कागदावर आलं, तडजोडीस नकार. बाईला नांदायचं होतं! पुढच्या तारखेला मी ते निस्तरलं, पण तोवर नवऱ्याकडच्यांनी त्या ओळीवर गावभर भांडवल केलं होतं.

तेव्हा प्रशिक्षणात सिद्धान्त शिकवता तसे सीमाभागासाठी हे जुळे शब्दही एका तासात शिकवा.

निपाणीची समुपदेशक :
वकीलबाई, अगदी. माझी यादी : 'समाधान'. रडणाऱ्या बाईला आमच्या कन्नड सहकारी मायेनं म्हणतात, "समाधान माडकोळ्ळ्री", म्हणजे शांत व्हा. मराठी बाई आणखी रडते. "समाधान असतं तर हितं कशाला आलो असतो?" दुसरा 'अनुमान'. मराठीत तर्क, कन्नडात संशय. नवरा 'अनुमान' करतो असं कुणी म्हणालं तर तो विचारवंत आहे असं समजू नका. तिसरा 'सांत्वन'. कर्नाटक सरकारची संकटातल्या महिलांसाठी याच नावाची योजना आहे. मराठी माणूस सांत्वनाला जातो तो कुणी गेल्यावर.

आणि ताई, परीक्षेत विचारतील म्हणून सांगते. 'एम्पथी'ला सहानुभूती लिहू नका, मार्क जातात. समानुभूती लिहा. सहानुभूतीत मी काठावर उभी राहून हळहळते. समानुभूतीत तिच्या जागी जाऊन बघते, आणि परत माझ्या जागी येते. हे परत येणं पुस्तकात एका ओळीत असतं, अंगात मुरायला वर्षं लागतात. अनुकंपा तर विसराच, ती दोन्ही सरकारांनी नोकरीच्या अर्जासाठी राखून ठेवलीय.

खानापूरकरीण :
'क्लायंट'ला काय म्हणता? पुस्तकात सेवार्थी आहे.

निपाणीची समुपदेशक :
वहीत सेवार्थी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी रुग्ण शब्द टाळून क्लायंट धरला, कारण आलेला माणूस आजारी आहे असं आधीच ठरवायचं नव्हतं. हेतू चांगला. पण अशील वकिलांनी घेतला, ग्राहक दुकानदारांनी, आणि सेवार्थी म्हटलं की डोळ्यांपुढे मठातली रांग येते. तोंडानं मी 'आलेली बाई' म्हणते.

शहापूरचे मास्तर :
मी हरलो असं समजा. तरी सरकारी शब्द पुरता टाकू नकोस. त्या बाईला पुढे न्यायालयात, इस्पितळात, महाराष्ट्रात माहेरी गेली तर तिथंही 'समुपदेशन'च भेटणार आहे. तो तिला ओळखीचा झालेला बरा. वर मोठ्या अक्षरांत तिचा शब्द घाल, खाली बारीक सरकारचा.

खानापूरकरीण :
तसंच केलं, मास्तर. केंद्रात बसलेल्या चार बायकांनाच विचारलं की या खोलीत काय करता. एक म्हणाली, "बोलतो." दुसरी म्हणाली, "बोलतो आणि दार लावून घेतो." मॅडमना 'दार' फार आवडलं, पण तपासणीला वरचे लोक येतात म्हणून पाटीवर नको म्हणाल्या. वर 'बोलायची खोली', खाली 'समुपदेशन कक्ष'. कन्नड पाटी आहे तशीच, कागद काढला. शिपाईमामा जरा हिरमुसले, म्हणून रंगवायचं काम त्यांनाच दिलं.

आत्ता फोटो आला. वरची ओळ झकास. खाली त्यांनी 'समूपदेशन' काढलंय, मू दीर्घ.

शहापूरचे मास्तर :
सम् अधिक उपदेशन, उ ऱ्हस्व. समूहाशी काही संबंध नाही. रंग ओला आहे तोवर फोन कर त्यांना.