मदत हवी आहे : ऑफसाइड पाहायला लाइन्समन कसा तयार करावा?

नमस्कार मंडळी. पेडण्यात आमच्या वाड्यावरच्या मुलांना मी फुटबॉल शिकवतो. भात कापलं की शेतातच सामने रंगतात. रविवारी आमचा गोल ऑफसाइड म्हणून, म्हणजे पास सुटताना आमचा मुलगा बचावाच्या रेषेपुढे होता म्हणून, रद्द झाला. एका पालकाने कोपऱ्यातून मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत मुलगा बचावपटूच्या मागे दिसतो. पण तिरक्या कोनातून कोण पुढे ते खात्रीने कळत नाही, म्हणून मी तो रेफरींना दाखवला नाही. मुलगा मात्र धुळीने माखलेले बूट हातात घेऊन रडत होता, “सर, टीव्हीवर परत बघतात, मग आमचंच का नाही?”

प्रतिस्पर्धी संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत असलेला ऑनसाइड (म्हणजे गोल चालतो), हा १९९० पासूनचा नियम मुलांना पाठ आहे. आता आर्सेनल क्लबचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांची, पूर्ण अंग पुढे असेल तरच ऑफसाइड धरावं, ही सूचना ऐकून काहीजण पूर्ण अंग पुढे नसेल तर चालतं असं धरून पळतात. सूचना मला मनापासून पटते, बोटभर फरकाने गोल जाऊ नये. पण आमच्याकडे नियम जुनाच!

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ परत बघून निर्णय तपासायची सोय, आम्हाला कुठून मिळणार? दोन मोठ्या मुलांना लाइन्समन, म्हणजे कडेला झेंडा घेऊन उभे राहणारे रेफरींचे मदतनीस, करायचंय. पास सुटतो तो क्षण आणि बचावाची रेषा, दोन्हींवर एकाच वेळी नजर कशी ठेवायची? म्हापसा-पेडणे भागातल्या कुणी अनुभवी रेफरींनी एक सकाळ दिली तर फार उपकार होतील.