मदत हवी आहे: पीएस५ वर एल्डन रिंगचं एक्सपान्शन विकत घेतलं, गेममध्ये दिसतच नाही

रात्रपाळी
'शॅडो ऑफ द एर्डट्री' हे एक्सपान्शन, म्हणजे वेगळे पैसे भरून मिळणारा गेमचा नवा भाग, काल रात्री घेतलं. कार्डावरून पैसे कापले गेले, डाउनलोड पूर्ण झालं, स्टोअरमध्ये खरेदी केल्याचंही दिसतंय. गेम सुरू केला की मात्र सगळं जुनंच. कन्सोल बंद करून पुन्हा चालू केला, गेमही अपडेटेड आहे. कस्टमर केअरच्या चॅटवर तेच ते छापील उत्तर येतंय. शनिवार-रविवार सुट्टी आहे, तेवढ्यातच खेळायला मिळणार. लवकर सांगा कोणीतरी. आणि पैसे भरले म्हणजे ती वस्तू कायद्याने माझीच ना?

कोकणकडा
गेममधले राडान आणि मोग हे दोन मोठे शत्रू, दोघांना हरवलंय का? त्याशिवाय नव्या भागात जाताच येत नाही. मोग जिथे पडतो तिथेच मागे कोश आहे, त्यातून लोंबणाऱ्या सुकलेल्या हाताला स्पर्श करायचा. शेजारी लेडा नावाचं पात्र उभं असतं.

रात्रपाळी
दोघांनाही कधीच मारलंय. कोशापाशी जाऊन आलो. लेडा नाही, हाताला स्पर्श करायचा पर्यायही येत नाही.

सुटसुटीत
सेटिंग्जमध्ये 'युजर्स अँड अकाउंट्स', त्यात 'अदर', तिथे 'रिस्टोअर लायसन्सेस'. माझं असंच अडकलं होतं, लगेच सुटलं. दुसरं काही करूच नका.

निळीशाई
गेम डिस्कवर आहे की डिजिटल? डिस्क असेल तर कुठून घेतली? खातं कोणत्या देशाचं? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजच करत बसणार.

रात्रपाळी
लायसन्सेस रिस्टोअर केले, फरक नाही. डिस्क आहे. खातं भारताचंच, दुसरं कुठलं असणार? डिस्क मामेभावाने न्यू जर्सीहून येताना आणली होती. पण ती इथे व्यवस्थित चालते, मग तिचा काय संबंध?

निळीशाई
सगळा संबंध तिचाच आहे. प्लेस्टेशनवर डिस्क कोणत्याही देशाची चालते, पण एक्सपान्शन डिस्कच्याच प्रदेशाचं लागतं. कव्हरवर पुढच्या बाजूला खाली डावीकडे बघा. 'एम' अक्षर असेल तर ते अमेरिकेचं ईएसआरबी हे वयाचं रेटिंग. आकडा असेल, समजा १६ किंवा १८, तर युरोपचं पेगी. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या डिस्क बहुतेक युरोपच्या असतात आणि भारतीय स्टोअरही त्याच गटात येतं. 'पीपीएसए'ने सुरू होणारा गेमचा क्रमांक असतो ना, तो प्रदेशागणिक वेगळा. तुमचं एक्सपान्शन युरोपच्या क्रमांकाला जोडलेलं आहे, अमेरिकन डिस्कला त्याचा पत्ताच नाही. आणि खात्याचा देश एकदा निवडला की बदलता येत नाही.

हिरवंबटण
एक्सबॉक्सवर हा त्रास नाही. देश दर तीन महिन्यांनी बदलता येतो. पुढचा कन्सोल तोच घ्या.

कोकणकडा
अहो, त्यांच्याकडे पीएस५ आहे आणि त्यांना या शनिवारी खेळायचंय.

झटपट_रोहा
सोपं आहे भावा. त्याच पीएस५ वर अमेरिकेचं नवं खातं काढ, डॉलरचं गिफ्ट कार्ड घे, एक्सपान्शन तिथून उचल. मग त्या खात्यावरून 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू कर. तुझ्या भारतीय खात्यावर, तुझ्या जुन्या सेव्हवरच, म्हणजे खेळ जिथवर आणलायस तिथूनच, सगळं चालेल. मी वर्षानुवर्षे हेच करतोय.

कायदेकानू
चालेल हे खरं, पण खोटा पत्ता देऊन खातं काढणं हा अटींचा भंग आहे. ते खातं बंद झालं तर त्यावरची सगळी खरेदी गेली. धागाकर्त्याने कायद्याचं विचारलंय म्हणून सांगतो: डिजिटल स्टोअरवर आपण वस्तू घेत नाही, वापरायचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, एबी २४२६, की असा परवाना विकताना ग्राहकाला तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे. 'द क्रू' या ऑनलाइन रेसिंग गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद झाले तेव्हा ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना.

झटपट_रोहा
हजारो लोक करतात साहेब. माझ्या ओळखीत कोणाचंही खातं बंद झालेलं नाही.

कायदेकानू
झालेलं नाही म्हणून ते अटींत बसतं असं नाही ना. ज्याचे आधीच एकदा पैसे अडकलेत त्याला पुन्हा त्याच धोक्यात घालू नका.

निळीशाई
दोघेही थांबा जरा. आधी रिफंड. नियम १४ दिवसांचा आहे आणि डाउनलोड सुरू केलेलं नसावं लागतं, सदोष असेल तर वेगळं. तुमचं डाउनलोड झालंय, त्यामुळे खात्री नाही. तरी ऑर्डर क्रमांक देऊन, प्रदेश जुळत नसल्याने अजिबात वापरता आलं नाही असं स्पष्ट लिहून मागा. दाद लागलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. काहीही झालं तरी कार्डाच्या बँकेकडे व्यवहार उलटवायची तक्रार टाकू नका, त्यात आख्खं प्लेस्टेशनचं खातं अडकू शकतं.
दुसरा मार्ग, भारतात विकली जाणारी पेगीची डिस्क घ्यायची. घेतलेलं एक्सपान्शन तिच्यावर चालेल. पण क्रमांक बदलला की जुना सेव्ह बहुधा उघडत नाही.

रात्रपाळी
'एम'च आहे. सेव्ह जाणार असेल तर नवी डिस्क नको, इतका वाढवलेला योद्धा सोडवत नाही. मामेभावाचं खातं खरंखुरं अमेरिकेचं आहे. त्याने घेतलं तर?

कायदेकानू
पासवर्ड मागू नका, तेही अटींत बसत नाही. तो इथे आला की त्याला स्वतः लॉगिन करू दे.

निळीशाई
आणि त्याला आधी सांगा, कन्सोल शेअरिंग एका खात्याला एकाच पीएस५ वर चालू ठेवता येतं. तुमच्याकडे चालू केलं की त्याच्या घरच्यावरचं बंद होईल. त्याला स्वतःला ऑनलाइन राहून खेळता येईल, पण त्याच्या बायकोमुलांना त्याचे डिजिटल गेम त्यांच्या खात्यांवरून उघडणार नाहीत. हे न सांगता करू नका.

आजोळ
जरा वेगळं विचारते. मुलासाठी जुन्या बाजारात विचर ३ ची डिस्क बघितली, सोबत कोडाचा कागदही आहे. एक्सपान्शन मिळेल का?

सुटसुटीत
ताई, कोड एकदाच चालतो, तो वापरलेला धरूनच चला. पीएस४ची 'गेम ऑफ द इयर' डिस्क शोधा. त्यात दोन्ही एक्सपान्शन डिस्कवरच आहेत, पुढे कोणाला विकलीत तर तीही सोबत जातात.

रात्रपाळी
रिफंडची विनंती ऑर्डर क्रमांकासकट टाकली. मामेभाऊ दिवाळीत येतोय, त्याला शेअरिंगचं सगळं लिहून विचारलंय. तोवर एक्सपान्शन कन्सोलवरून काढू की राहू देऊ? जागा बरीच खातंय.

निळीशाई
काढा. गेमवर ऑप्शन्स बटण दाबून 'मॅनेज गेम कंटेंट'मध्ये दिसतं का बघा. तिथे नसेल तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून काढा. परवाना खात्यावर राहतो. फक्त रिफंडचं उत्तर येईपर्यंत पुन्हा डाउनलोड करू नका.