डिरेक्टरी कोटा म्हणजे नुसती बेरीज नव्हे

इनोडवाला: इथेच कुणीतरी लिहिलंय, 'डिरेक्टरीला (म्हणजे फोल्डरला) कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, लावायला काय लागतं? प्रत्येक फोल्डरवर बेरीज ठेवा, फाइल वाढली की वरपर्यंत मिळवत जा.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. लिहिताना फाइलसिस्टीमच्या (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या यंत्रणेच्या) हातात इनोड, म्हणजे फाइलची अंतर्गत नोंद, असतो; फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणारा पाथ नसतो. एकाच इनोडला दोन फोल्डरांतून हार्डलिंक (त्याच फाइलचं आणखी एक नाव) असेल तर आकडा कुणाच्या नावावर? आणि सगळ्यात वरची बेरीज सगळ्यांची सामाईक, म्हणजे प्रत्येक जण एका वेळी एकालाच बदल करू देणाऱ्या त्याच एका लॉकपाशी ताटकळणार. म्हणून तर एक्सएफएस ही लिनक्सवरची फाइलसिस्टीम इनोडवरच प्रोजेक्ट आयडी (फाइल कुणाच्या कोट्यात मोजायची तो क्रमांक) ठेवते आणि नवी फाइल तो पालक डिरेक्टरीकडून घेते. ईएक्सटी४ या दुसऱ्या फाइलसिस्टीममध्येही २०१६ साली, लिनक्सच्या ४.५ कर्नलपासून, हेच आलं.

रात्रपाळी: ते मीच लिहिलं होतं. एका इनोडला एकच आयडी, मग आत-बाहेर अशा दोन मर्यादा कशा लावणार? विभागाला १ टीबी आणि त्यात प्रत्येकाला १०० जीबी, ही रोजची मागणी आहे. शिवाय आपल्या फाइलचा आयडी मालक स्वतःच बदलू शकतो. हा कसला पहारा? झेडएफएस या फाइलसिस्टीममध्ये डेटासेटच्या आत डेटासेट करा, दोन्ही मर्यादा लागतात.

इनोडवाला: डेटासेट म्हणजे वेगळी फाइलसिस्टीम. एकातून दुसऱ्यात एमव्ही (फाइल हलवायची कमांड) केलं की अख्खी कॉपी.

बॅकअपताई: एमव्हीचं नाव काढलंत म्हणून सांगते, तुमच्या एक्सएफएसवरही तेच होतं! एकाच माउंटवर (जोडलेल्या एकाच फाइलसिस्टीमवर) दोन फोल्डर, प्रोजेक्ट वेगळे. ४०० जीबीचं फोल्डर हलवायचं होतं, क्षणाचं काम समजून रात्री कमांड दिली. रिनेमला (डेटा न हलवता नुसती जागा बदलण्याला) 'एक्सडेव्ह', म्हणजे 'हे वेगळं डिव्हाइस' असा नकार, मिळाला आणि एमव्ही गुपचूप कॉपी करत बसलं. पहाटे तीनला 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. वरच्या माउंटवर डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारलं तर भरपूर जागा! प्रोजेक्ट कोटा संपला तरी हाच एरर येतो, कोट्याचा वेगळा येत नाही, हे कळायला तास गेला. जुनं जागेवर, नवं अर्धवट.

इनोडवाला: रिनेम होऊ दिलं तर आतल्या लाखो इनोडांचे आयडी एका झटक्यात बदलावे लागतील. मध्येच वीज गेली तर? नकार देणंच योग्य. आधी कागदपत्रं वाचायची असतात.

बॅकअपताई: वाचली होती, दादा. शिकवू नका. आणि एचडीएफएस, ती अनेक मशीनवर पसरलेली फाइलसिस्टीम, कसं करतं? कोट्यात बसत असेल तर रिनेम होतं, नसेल तर सरळ नकार.

इनोडवाला: तिथे फोल्डरांचं अख्खं झाड नेमनोडच्या, म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्या मशीनच्या, मेमरीत असतं, हार्डलिंकही नाहीत. इथे ती चैन नाही.

रात्रपाळी: हार्डलिंकचा मुद्दा मान्य, मी तो विचारात घेतला नव्हता. पण एकावर एक मर्यादा हव्यातच. सेफएफएस या अनेक मशीनवरच्या फाइलसिस्टीममध्ये त्या आहेत.

इनोडवाला: आहेत, पण अंमल क्लायंटच्या (वापरणाऱ्या मशीनच्या) भरवशावर, मर्यादा ओलांडून थोडं लिहिलं जातंच. बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमच्या क्यूग्रुपमध्येही (कोट्याच्या गटांमध्ये) आहेत, आणि स्नॅपशॉट (त्या-त्या क्षणाच्या जतन केलेल्या प्रती) वाढले की हिशेबातच मशीनचा जीव जातो. शेवटी लिनक्स ६.७ मध्ये सोप्या हिशेबाचा 'सिंपल कोटा' आणावा लागला.

रात्रपाळी: थोडं ओलांडलेलं मला चालेल. विभागाची मर्यादाच नसणं चालणार नाही.

बॅकअपताई: तुमचं चालू द्या. पण कॉपी सुरू करण्याआधी एमव्हीनं एक ओळ छापली असती, तर ती रात्र वाचली असती.

इनोडवाला: तेवढं मात्र खरं आहे.