जाड कुशनचे ट्रेल शूज आपल्या डोंगरांत किती टिकतात? तुमचे अनुभव लिहा

पुणे, धागा सुरू करताना

गेल्या रविवारी सिंहगडावरून आतकरवाडीला उतरताना डाव्या गुडघ्याची आतली बाजू दुखायला लागली. सलग तिसरा आठवडा. अंतर वाढवलं नव्हतं, चढ वाढवला नव्हता. घरी येऊन डोंगरवाटांवर पळायचे माझे जाड तळाचे बूट उलटे करून पाहिले. ग्रिपचे दाते नवे असताना पाच मिलिमीटर होते, अजून साडेतीन शिल्लक. तळ बघून कुणीही म्हणेल, चालू दे अजून वर्षभर. पण सेलमध्ये त्याच मॉडेलचे दोन जोड घेतले होते, त्यातला न वापरलेला शेजारी ठेवला आणि व्हर्नियरने (मिलिमीटरचे अंश मोजणाऱ्या सरकत्या मापपट्टीने) मधल्या फोमची उंची मोजली. टाचेच्या बाहेरच्या कडेला जुना बूट चार मिलिमीटरने बसला होता, आतल्या कडेला दीडने. म्हणजे कित्येक आठवडे माझं प्रत्येक पाऊल बाहेर कललेल्या पाटावर पडत होतं आणि मला पत्ता नव्हता. ६१० किलोमीटर झाले होते. माझं वजन ७८ किलो.

हे बूट मुळात उतारासाठीच जन्मले. २००९ साली फ्रान्समधल्या ॲनसीला निकोला मर्मू आणि जाँ-ल्यूक दियार यांनी होका ही बुटांची कंपनी सुरू केली ती डोंगरउतार वेगात पळता यावेत म्हणून. नंतर सगळ्यांनीच तळ जाड केले. पण बूट टिकण्याचा ५०० ते ८०० किलोमीटर हा जो आकडा सगळीकडे सांगतात, तो आपल्या काळ्या कातळावर, घसाऱ्यावर (सुट्या दगड-मातीच्या उतारावर) आणि जूनच्या चिखलावर कितपत लागू होतो, हे आपणच एकमेकांना सांगायला हवं.

म्हणून विनंती. किमान ४०० किलोमीटर किंवा एक पावसाळा झालेल्या जोडाबद्दलच लिहा. तुमचं वजन, जमीन कुठली, सगळ्यात आधी काय गेलं, आणि ते तुम्हाला कसं कळलं. कंपनीचं नाव नको. त्याच नावाच्या पुढच्या आवृत्तीत फोम आणि रबर दोन्ही बदललेलं असतं, त्यामुळे नावावरून वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

नाशिक

वजन ५२ किलो, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, शिवाय रोजची पांडवलेण्याची टेकडी. एक जोड १०८० किलोमीटर वापरला. फोमने मला त्रास दिला नाही, दिला तो वरच्या जाळीने.

पाऊस संपला की ऑक्टोबरपासून डोंगरावर कुसळं तयार होतात, ती जाळीतून आत शिरतात आणि उलटी येत नाहीत. मोज्यात टोचलेलं कुसळ काढता येतं, पण जाळी आणि आतलं अस्तर यांच्या मधे अडकलेलं निघत नाही. पाय दुमडतो तिथे, करंगळीच्या मुळाशी, ते आतून कातरत राहतं. माझ्या दोन्ही बुटांना तिथेच भोक पडलं, साधारण ४५० किलोमीटरला. त्यात कापलेल्या कारवीचे खुंट लागले की भोकाची फाट होते.

आमच्या कोपऱ्यावर चपला शिवणारे काका आहेत. त्यांनी रेक्झिनचं पातळ ठिगळ आतून लावून नायलॉनच्या दोऱ्याने शिवून दिलं, चाळीस रुपयांत. ते शिवण पुढचे सहाशे किलोमीटर टिकलं. आता नवा जोड आणला की भोक पडायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात तिथे शू-ग्लूचा पातळ थर देते. धावून आल्यावर बूट उन्हाकडे धरून आतून बघायची सवय लावा. कुसळ लांब असतानाच चिमट्याने निघतं.

तळेगाव

मी फोमच्या साच्यांवर काम करते, बुटांच्या नाही, पण पदार्थ तोच. धागाकर्त्यांनी मोजलं ते अगदी योग्य केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बहुतेक कुशन म्हणजे ईव्हीए, इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. त्यात लाखो बंद बुडबुडे असतात. पाय पडला की बुडबुडा दबतो, उचलला की फुगतो. प्रत्येक वेळी त्याच्या भिंतीला घडी पडते आणि काही भिंती त्या घडीतून परत सरळ होत नाहीत, काही फुटतात. बाहेरून रबर शाबूत दिसतं, आत गादी बसलेली असते. उतारावर टाचेवर येणारा भार सपाटीपेक्षा बराच जास्त, आणि तो एकाच कडेवर येत असेल तर ती कड आधी मरते. म्हणून नाशिकच्या ताईंचे १०८० आणि ७८ किलोच्या माणसाचे ६१० यांत विसंगती काही नाही.

अंगठ्याने दाबून कळतं असं लोक म्हणतात. अंगठ्याचा जोर शरीराच्या भारापुढे काहीच नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. बूट सपाट ओट्यावर ठेवून मागून बघा: टाचेचा कप उभा आहे की एका बाजूला झुकला आहे. फोमच्या बाजूला पडणाऱ्या आडव्या सुरकुत्या पाय आत नसतानाही खोल दिसत असतील तर तेही बघा.

दुसरी गोष्ट उष्णता. बूट गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडीत जे तापमान होतं त्यात ईव्हीए मऊ होतं आणि आकसतं. पूर्ण मापाचा बूट अर्ध्या मापाने लहान झाल्याची तक्रार पुष्कळदा इथूनच येते. हीटरसमोर किंवा कडक उन्हात वाळवण्याचंही तेच.

आणि नवीन उसळणारे फोम, पेबा वगैरे, जास्त काळ जिवंत राहतात हे खरं, पण ते कापले लवकर जातात. तळाला जिथे रबर नाही आणि फोम उघडा आहे तिथे धारदार दगड थेट लागतो. शहराच्या टेकडीवर चालेल, घसाऱ्यावर रबर पूर्ण असलेला तळच घ्या.

रत्नागिरी

आमच्याकडे प्रश्न उलटा. फोम जायच्या आधी तळ जातो, कारण जांभा. सड्यावरचा, म्हणजे कोकणातल्या उघड्या खडकाळ पठारावरचा जांभा म्हणजे सगळीकडे भोकं आणि प्रत्येक भोकाला धार. किसणीवर पळल्यासारखं आहे. वजन ६६ किलो. ३८० किलोमीटरला पुढच्या पंजाखालचे दाते जमिनीसपाट झाले. चिकट ओल्या दगडावर पकड देणारं मऊ रबर आणि जांभ्यावर टिकणारं कडक रबर, दोन्ही एकात मिळत नाही. मी दोन जोड ठेवतो. पावसात शेवाळलेल्या पायवाटांना मऊ रबराचा, नोव्हेंबर ते मे सड्यावर कडक रबराचा. बाकी बुरशीबद्दल कोकणातल्या माणसाला काय सांगायचं. जूनमध्ये आतलं सुटं इनसोल काढून वेगळं सुकवा, एवढंच.

ठाणे

माझ्या अनुभवात किलोमीटरचा काही संबंधच नाही. जोड फक्त १५० किलोमीटर चाललेला. पायाचं ऑपरेशन झालं, बूट खोक्यात घालून माळ्यावर टाकले. तीन पावसाळ्यांनी काढले, नव्यासारखे दिसत होते. तेच घालून खिरेश्वरहून टोलार खिंडीने हरिश्चंद्रगड. उतरताना खिंडीच्या वर उजव्या बुटाचा तळ पुढून टाचेपर्यंत उघडला, मगरीच्या तोंडासारखा. अर्ध्या तासाने डावाही.

बुटाच्या नाडीचे दोन तुकडे करून एक पंजाभोवती, एक कमानीभोवती आवळला. नाडी दगडावर घासून तुटायची, पुन्हा बांधायची. बरोबरच्या मुलीकडे पायाला लावायची कापडी चिकटपट्टी होती, तिने खालपर्यंत आणलं. चार तासांची वाट सात तासांची झाली आणि खाली पोचलो तेव्हा अंधार होता. मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली, कारण खिंडीतल्या कातळावर अनवाणी पायही टिकत नव्हता.

खाली आल्यावर बघितलं तर गोंदाची जागा कोरड्या पापडीसारखी सुटलेली. तळेगावच्या ताई, हे असं का होतं? आणि मंडळी, पडून राहिलेला जोड मोठ्या गडावर न्यायच्या आधी घराजवळ तीन-चार वेळा पळवून घ्या. माझ्या सॅकमध्ये आता कायम दोन मीटर चिकटपट्टी पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळलेली असते.

तळेगाव

गोंद बहुधा पॉलियुरेथेनचा. दमट हवेतली वाफ त्याच्या साखळ्या हळूहळू तोडते, त्याला जलविघटन म्हणतात. जुन्या ट्रेकिंग बुटांत तर मधला तळच पॉलियुरेथेनचा असायचा, तो असाच भुगा होऊन पडतो. वापरात असलेल्या बुटाला वारा लागतो, तो वाळतो. बंद खोक्यात कोकणपट्टीची दमट हवा कोंडून राहते. माळ्यावर ठेवायचाच असेल तर खोकं नको, उघडा ठेवा.

वेल्ह्याजवळून

दादा, मी इथलाच. राजगड-तोरणा वाटेवर लोकांना नेतो, शेती आहे. लहानपणापासून साध्या कॅनव्हासच्या बुटात पळालो. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका पळणाऱ्या साहेबांनी त्यांचा जाड तळाचा जोड मला दिला, ३०० किलोमीटर झालेला. माझं वजन ५८.

पायाला बरं वाटलं हे खरं. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यानं उतरून धारेनं तोरण्याच्या बुधला माचीला जाताना पूर्वी संध्याकाळी तळपाय जळायचे, ते थांबलं. पण आडव्या वाटेला, जिथं एका बाजूला दरी आणि वाट एका पावलाची, तिथं पाय कलंडायला लागला. आधी मला वाटलं माझीच चूक. मग बूट जमिनीवर ठेवून पाहिले तर दोन्ही बाहेरच्या अंगाला झुकलेले. साहेब त्या अंगानं पळत असणार, त्यांच्या पायाचा साचा त्यात बसलेला. माझं पाऊल आतल्या अंगानं पडतं. दुसऱ्याच्या साच्यात माझा पाय, मग घोटा मुरगळणारच. मुरगळला, पेरणीच्या आठवड्यात.

जुने बूट गावात देता ते चांगल्या मनानं देता, द्याच. पण टाच एका अंगाला झुकली असेल तर सांगून द्या, की हा रोजच्या चालीला वापर, गडावर नको. मी आता ते शेतात घालतो. गडाला नवे घेतले, तळ थोडा पातळ, ग्रिप खोल.

सातारा

थोडा विरोध नोंदवतो. हे बूट बारा-पंधरा हजारांचे झालेत. वजन ६१, अजिंक्यतारा आणि यवतेश्वर, एकच जोड १४०० किलोमीटर, दुखापत शून्य. दोन जोड आलटूनपालटून, व्हर्नियर, हे सगळ्यांना परवडत नाही. लहान पावलं टाकत उतरा, टाच आपटू नका, बूट आपोआप टिकतो.

पुणे

सातारकर, तुमचं पाऊल तुमच्या बुटापेक्षा चांगलं आहे, हे मनापासून सांगतो. मी टाच आपटतो, त्याची किंमत मोजतो. कारवीच्या पट्ट्यात उतरताना पावलं लहान करायचा सराव याच आठवड्यापासून सुरू करतोय. पण १४०० किलोमीटरचा तो जोड एकदा मागून बघाल का?

झ्युरिच

मूळची कोल्हापूरची. इथे घरामागे युटलीबर्ग आहे, जंगलातली बारीक खडीची मऊ वाट. या वाटेवर एक जोड ७०० किलोमीटर चालवला, दाते जेमतेम एक मिलिमीटर झिजले. तोच जोड घेऊन जुलैत घरी आले आणि पन्हाळा ते पावनखिंड केलं. दोन दिवसांत दोन्ही बुटांचे मिळून सहा दाते मुळापासून उपटले गेले. चिखलात पाय रुततो, खाली दगड असतो, आणि ओढून काढताना दाताला पीळ बसतो. इथली वाट दात्याला घासते, आपली वाट उपटते, हे मला तेव्हा कळलं. म्हणून परदेशातल्या चाचण्या वाचून आपल्याकडच्या टिकाऊपणाचा अंदाज बांधू नका.

एक वेगळं निरीक्षण: जानेवारीत उणे आठला तोच फोम लाकडासारखा लागतो, पहिले दोन किलोमीटर तरी. बूट रात्री बाल्कनीत न ठेवता घरात ठेवले तर बराच फरक पडतो.

कोल्हापूर

वरच्या ताईंशी सहमत. चिखलानंतर वॉशिंग मशीन नको, माझा टाचेचा कप त्यातच मोडला. नळाखाली जुन्या टूथब्रशने, मग आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बदलायचे. पंख्याखाली.

सातारा

बघितला. ओट्यावर ठेवून मागून फोटो काढला. उजवा सरळ आहे. डावा आत झुकलाय, बराच. दुखत नाही, पण उतरताना डाव्या पायाची नाडी मी नेहमी एक घर जास्त आवळतो हे आत्ता लक्षात आलं. डिसेंबरपर्यंत बघतो, तोवर राजगडाला हा नेणार नाही.

पुणे

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आतकरवाडीच्या पायथ्याला व्हर्नियर आणि एक सपाट फळी घेऊन थांबतो. ज्यांना जमेल त्यांनी घरातला जुना जोड पिशवीत आणा, धुऊन. वजन, किलोमीटर आणि दोन्ही टाचांच्या दोन्ही कडा वहीत लिहून ठेवू. वेल्ह्याच्या दादांनी यावं अशी फार इच्छा आहे; येण्याजाण्याची सोय मी करतो, आणि माझा नवा जोड त्यांनी बुधल्याच्या धारेवर एकदा चालवून सांगावं.